मते मागवणारे बेहरामजी मलबारी



सेवासदन हे नाव आपल्या मंडळातल्या बहुतेकींना ठाऊक आहे. ते ऐकले की रमाबाई रानडे आठवतात आणि ते योग्यच आहे. पण १९०९ साली पुण्यास सेवासदन निघाले त्याच्या एक वर्ष आधी मुंबईस गावदेवीला जे सेवासदन निघाले, ते दोघा गृहस्थांच्या खटपटीतून निघाले होते. एक सिंधी, दयाराम गिदुमल. दुसरे पारशी, बेहरामजी मेरवानजी मलबारी. अध्यक्षपद रमाबाईंनी स्वीकारले. या दुसऱ्या गृहस्थांचे चरित्र मी यंदाच्या स्मरणिकेसाठी लिहायला घेतले आहे.

आमच्या वेळच्या इतिहासाच्या पुस्तकात संमतिवयाच्या कायद्याबरोबर मलबारींचे नाव एका ओळीत येई आणि तिथेच संपे. पुढे वाचनालयातली पुस्तके वाचताना कळले की या माणसाने एक निराळीच गोष्ट केली होती. बायकांच्या दुःखाविषयी लोकांना काय वाटते हे त्याने देशभर पत्रे पाठवून विचारले. आलेली उत्तरे सरकारदरबारी जमा झाली, छापली गेली आणि त्यांवर वर्षानुवर्षे वाद झाला. हल्ली सरकार एखादी योजना आणण्याआधी लोकमताची पाहणी करते, प्रश्नावली काढते. त्या वेळी असे काही रूढ नव्हते. म्हणून ही हकिगत मला सांगावीशी वाटली. तिच्यात एक मोठी उणीवही आहे, ती पुढे येईलच.

बेहरामजींचा जन्म १८५३ साली बडोद्यास झाला. वडील धनजीभाई मेहता हे गायकवाडांच्या नोकरीत साधे कारकून होते. मुलगा सहा-सात वर्षांचा असतानाच ते वारले. आईचे नाव भिखीबाई. नवऱ्यामागे ही बाई मुलाला घेऊन सुरतेस आली. तिथे मेरवानजी नानाभाई मलबारी नावाचे एक व्यापारी होते. मलबार किनाऱ्यावरून चंदन आणि मसाल्याचे पदार्थ आणून विकायचे आणि औषधांचे दुकान चालवायचे हा त्यांचा धंदा, म्हणून आडनाव मलबारी. त्यांना मूल नव्हते. त्यांनी बेहरामजीला दत्तक घेतले आणि तो मेहतांचा मलबारी झाला.

सुरतेच्या आयरिश मिशनच्या शाळेत मुलगा शिकू लागला. बारा-एक वर्षांचा असताना आई गेली. तेव्हापासून दुसऱ्यांच्या मुलांना शिकवायचे आणि त्या पैशावर आपण शिकायचे असा क्रम त्याने ठेवला. एकट्या बाईला मूल वाढवताना काय सोसावे लागते ते त्याने अगदी जवळून पाहिले होते. बायकांविषयीचा कळवळा त्यांच्यात आला तो आईकडून, असे त्यांचे चरित्रकार सांगतात, आणि मला ते पटते. आईचे हाल पाहिलेला मुलगा एक तर कठोर होतो, नाही तर असा होतो.

मॅट्रिकच्या परीक्षेत ते दोन-तीनदा नापास झाले. गणिताने छळले. अखेर १८७१ साली पास झाले. पुढे ज्याने देशाची मते गोळा करायला घेतली, त्याला शाळेत हिशेब जमत नव्हता, याची गंमत वाटते.

भाषा मात्र त्यांच्या जिभेवर होती. १८७५ साली ‘नीतिविनोद’ हा गुजराती कवितांचा संग्रह निघाला. पुढच्याच वर्षी इंग्रजी कवितांचे पुस्तक आले. मॅक्समुल्लरसाहेबांसारख्या विद्वानाशी त्यांचा पत्रव्यवहार जुळला. त्यांच्या व्याख्यानांचे गुजराती भाषांतर मलबारींनी केले आणि इतर भाषांतही ती व्हावीत म्हणून पैसे जमवत ते हिंदुस्थानभर हिंडले. या हिंडण्यात घरोघरचे जीवन त्यांच्या नजरेस पडले. १८८० पासून ‘इंडियन स्पेक्टेटर’ हे मुंबईचे इंग्रजी साप्ताहिक त्यांच्या हाती आले, आणि वर्तमानपत्रवाला म्हणून त्यांचा शब्द गव्हर्नरापासून व्हाइसरॉयपर्यंत पोहोचू लागला. तेव्हा त्यांचे वय तिशीच्या आतबाहेर होते.

आता मुख्य गोष्ट. १८८४ च्या ऑगस्ट महिन्यात त्यांनी दोन टिपणे छापली. एक बालविवाहावर आणि दुसरे सक्तीच्या वैधव्यावर. त्यांच्या प्रती त्यांनी देशातल्या सुमारे ४,००० नामांकित इंग्रज आणि हिंदू गृहस्थांना पाठवल्या आणि यावर आपले मत काय ते कळवावे अशी विनंती केली. त्या वेळी व्हाइसरॉय लॉर्ड रिपन होते. सरकारनेही ही टिपणे प्रांतोप्रांतीच्या सरकारांकडे धाडून त्यांचे आणि त्यांच्या मुलखातल्या जाणत्या लोकांचे अभिप्राय मागवले. म्हणजे एका खाजगी माणसाच्या कागदावर सगळ्या देशाची कचेरी कामाला लागली.

त्या कागदात काय होते ते थोडे सांगते. बालविवाहाबद्दल त्यांनी एकदम कायदा करा असे म्हटले नव्हते. काही वर्षांनंतर विद्यापीठाने लग्न झालेल्या मुलांना परीक्षेला बसू देऊ नये, सरकारी नोकरीत अविवाहितांना आधी घ्यावे, शाळेच्या पुस्तकांत बालविवाहाच्या दुष्परिणामांवर धडे घालावेत, अशा त्यांच्या सूचना होत्या. यातल्या पहिल्या दोन मला एकांगी वाटतात. मुलाचे लग्न बाप लावतो आणि परीक्षा बुडते मुलाची!

पण दुसरे टिपण फार विचार करून लिहिलेले आहे. लहान वयात नवरा गेलेल्या मुलीवर तिच्या इच्छेविरुद्ध जन्माचे वैधव्य लादू नये, ही त्यातली पहिली मागणी. तिसरी अशी की, छळ झाला किंवा वाळीत टाकले तर कोणत्याही विधवेला सरकारात दाद मागता यावी आणि तिला वकिलाचा सल्ला फुकट मिळावा. चौथी अशी की, पुनर्विवाह करणाऱ्यांच्या नातेवाइकांना धर्मगुरूंनी जातीबाहेर टाकू नये. आणि या सगळ्यांत मला अमोल वाटते ती दुसरी मागणी. जिथे संशय असेल तिथे त्या विधवेने हे जिणे आपखुशीने पत्करले आहे की तिच्यावर सक्ती झाली आहे, याची चौकशी करण्याची सोय असावी. म्हणजे त्या बाईला विचारा. तिच्या सासऱ्याला नव्हे, दिराला नव्हे, भटजींना नव्हे. खुद्द तिला.

हे १८८४ साली लिहिले गेले आहे, हे लक्षात घ्या. १८८१ च्या खानेसुमारीत देशात दोन कोटी नऊ लाखांवर विधवा मोजल्या गेल्या होत्या. पंडिता रमाबाईंनी १८८७ साली अमेरिकेत छापलेल्या आपल्या पुस्तकात ते आकडे दिले आहेत. त्यांत नऊ वर्षांपर्यंतच्या विधवा होत्या ७८,९७६. दहा ते चौदा वर्षांच्या २,०७,३८८. पंधरा ते एकोणीस वर्षांच्या ३,८२,७३६. पहिला आकडा मी दोनदा वाचला. परकर-पोलक्यातल्या, सागरगोटे खेळायच्या वयाच्या त्या मुली. सरकारने त्यांची डोकी मोजली, पण तुला काय हवे असे एकीलाही कोणी विचारले नाही.

उत्तरे भराभर आली. न्यायमूर्ती रानडे यांनी सुधारणेच्या बाजूने लिहिले. रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक मोठे कायदेपंडित, पण सरकारने आमच्या घरात हात घालू नये या मताचे. इतरही पुष्कळांनी असेच लिहिले की चाल वाईट आहे खरी, पण ती शिक्षणाने हळूहळू जाईल, कायदा नको. कित्येकांना राग आला तो वेगळ्याच कारणाने. हा पारशी, याला हिंदूंच्या घरची उठाठेव कशाला, असे त्यांचे म्हणणे. मलबारींनी हे बोलणे आयुष्यभर ऐकले.

पुण्याहून एक उत्तर गेले ते महात्मा जोतीराव फुले यांचे. त्यांनी नुसते मत लिहिले नाही, डोळ्यांनी पाहिलेले लिहिले. त्यांनी आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली आपल्या घरी गरोदर विधवांसाठी आसरा काढला होता. तिथे गुपचूप येऊन बाळंत व्हावे, मूल ठेवावे की न्यावे ते तिने ठरवावे, अशी सोय होती. तिथे तोवर ३५ विधवा येऊन गेल्याचे त्यांनी कळवले. ज्यांची अब्रू झाकण्यासाठी अवघे कुटुंब गप्प बसते, अशा पस्तीस जणींची ही नोंद. विधवांचे केस काढण्याचे काम न्हाव्यांना करू देऊ नये, असेही त्यांनी सुचवले. शेकडो बड्या गृहस्थांच्या अभिप्रायांत हे एक पत्र मला वजनदार वाटते, कारण ते स्वतः त्या बायकांच्या बाळंतपणाला उभे राहिले होते.

सगळे अभिप्राय गोळा करून सरकारने १८८६ साली पुस्तकरूपाने छापले आणि निर्णय दिला की यावर कायदा करता येणार नाही. लोकमत तयार नाही, सुधारणा लोकांनीच करावी, असा त्याचा मथितार्थ. झाले. दोन वर्षांची मेहनत बासनात गेली.

आता ती उणीव सांगते. ज्यांना विचारले ते सर्व कोण होते? न्यायाधीश, वकील, जमीनदार, शास्त्री, संपादक, प्राध्यापक, कलेक्टरसाहेब. सगळे पुरुष म्हटले तरी चालेल. बालविवाह ज्या मुलीचा झाला ती यात नाही, आणि दहाव्या वर्षी जिचे कुंकू पुसले तीही नाही. मलबारींना खुद्द विधवेला विचारावे हे सुचले, ते त्यांनी लिहूनही ठेवले, परंतु त्यांच्या स्वतःच्या ४,००० पत्त्यांच्या यादीत त्या विधवा नव्हत्या. लोकमत तयार नाही असे सरकारने म्हटले, तेव्हा अर्धे लोक त्यात धरलेच नव्हते.

बायकांना विचारणे त्या काळी अशक्यच होते असेही नव्हे. १८८२ साली शिक्षणाची चौकशी करणारे हंटरसाहेबांचे कमिशन पुण्यास आले, तेव्हा पंडिता रमाबाईंची साक्ष झाली होती. मुलींसाठी स्त्री-शिक्षिका हव्यात, बायकांनी डॉक्टरी शिकावी, असे त्यांनी तिथे सांगितले. एका बाईला विचारले तर एवढे कळले. हजार जणींना विचारले असते तर काय काय कळले असते!

आणखी एक गोष्ट. मलबारींच्या टिपणांत आधी त्यांचे स्वतःचे मत होते आणि मग प्रश्न. आमटी चांगली झाली आहे ना, असे विचारत वाढले तर पाहुणा नाही कसे म्हणेल? आणि हट्टी पाहुणा असेल तर मुद्दाम नावे ठेवील. लोकमताची पाहणी करणारे हल्ली प्रश्न साधा ठेवतात, आपले मत त्यात घालत नाहीत, त्याचे कारण हेच. मलबारींकडे तेवढा धीर नव्हता. ते पाहणी करणारे नव्हते, कळवळ्याचे माणूस होते.

आपल्याकडेच पाहा. दाराशी कोणी कागद घेऊन येतो आणि घरात कोणी आहे का विचारतो. आपण आतून हात पुसत येतो आणि कोणी नाही म्हणून सांगतो. उभी बाई दारात असते आणि घरात कोणी नसते! गेल्या वर्षी आपल्या मंडळाने शिवणवर्गाची वेळ ठरवली तेव्हाही असेच झाले. सभेत हात वर करायला सांगितले तर सगळ्यांचे हात चार वाजताच्या वेळेला वर. नंतर दोघीजणी घरोघर जाऊन एकेकीशी बोलल्या, तेव्हा सात-आठ सुनांनी सांगितले की चारला नळाला पाणी येते, आम्हाला जमणार नाही. सभेत त्यांच्या सासूबाई शेजारी बसलेल्या होत्या. मग वर्ग अडीचला ठेवला आणि तो भरला. हे मी कोणाला दोष द्यायला लिहीत नाही. कोणासमोर विचारले यावर उत्तर बदलते, एवढेच दाखवायचे आहे.

तर मुद्द्यावर येते. ज्यांना विचारले नाही त्यांतली एक न विचारता बोलली. १८८५ साली मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त एका हिंदू स्त्रीची म्हणून दोन पत्रे आली. बालविवाहाने मुलीचे शिक्षण कसे तुटते आणि मन कसे चिरडते, हे त्यात होते. ती लिहिणारी रखमाबाई. तिचे लग्न अकराव्या वर्षी लागले होते. ती नांदायला जाईना म्हणून नवऱ्याने १८८४ साली तिच्यावर दावा लावला. १८८५ साली निकाल तिच्या बाजूने लागला, तो अपिलात फिरला, आणि १८८७ साली नांदायला जा नाही तर सहा महिने तुरुंगात बस असा हुकूम झाला. तिने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. मलबारींनी आपल्या पत्रातून तिची बाजू घेतली. १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. ती विलायतेस जाऊन डॉक्टर होऊन आली, सुरत आणि राजकोट इथे तिने जन्मभर बायकांची सेवा केली आणि १९५५ साली वारली. मला वाटते, मलबारींच्या त्या जाड पुस्तकात नसलेले मत या एका बाईने भरून काढले.

मग १८९० साली कलकत्त्यास एक खटला झाला. फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या अत्याचाराने मेली. १८६० च्या दंडविधानात मुलीला संरक्षण होते ते दहा वर्षांपर्यंत. फुलमणीचे वय त्याच्या थोडे पुढे, म्हणून मोठा गुन्हा लागू झाला नाही. नवऱ्याला एक वर्षाची शिक्षा झाली. याहून अधिक त्या गोष्टीबद्दल माझ्याने लिहवत नाही.

त्याच वर्षी देशातल्या ५५ स्त्री-डॉक्टरांनी सही करून सरकारकडे अर्ज पाठवला. कोवळ्या वयात सासरी गेलेल्या ज्या मुली त्यांच्याकडे उपचाराला येत त्यांची उदाहरणेच त्यांनी मांडली. त्या मुली कलेक्टरला काही सांगणार नव्हत्या, वर्तमानपत्राला पत्र लिहिणार नव्हत्या. दवाखान्यात पडदा ओढल्यावर डॉक्टरीणबाईंना मात्र त्यांनी सांगितले होते. चार हजार पत्रांनी जे झाले नाही ते या पंचावन्न सह्यांनी पुष्कळसे केले असावे.

मलबारी त्याच साली विलायतेस गेले. हिंदुस्थानच्या लेकींच्या नावाने विनंतीपत्रक छापून त्यांनी तिथल्या वजनदार मंडळींची समिती जमवली आणि वयाची मर्यादा बारा करावी अशी शिफारस करवून घेतली. याबद्दल त्यांच्यावर टीका झाली आणि ती अगदीच खोटी म्हणता येत नाही. घरचे भांडण शेजाऱ्याकडे नेले की घरातली माणसे जास्त बिथरतात. आपल्या लोकांना समजावण्याऐवजी राज्यकर्त्यांच्या दारी का गेलात, हा प्रश्न त्यांना पुण्यातून विचारला गेला. पण १८८६ साली इथल्या दारातून ते रिकाम्या हाताने परतले होते, हेही विसरू नये.

१८९१ च्या जानेवारीत कायद्याचा मसुदा व्हाइसरॉयच्या कौन्सिलात आला आणि देशभर वादळ उठले. लोकमान्य टिळकांनी कडाडून विरोध केला. टिळक बालविवाहाच्या बाजूचे होते असा समज करून घेऊ नये. मुलीचे लग्न सोळाच्या आत नको, मुलाचे विसाच्या आत नको, विधवेचे केशवपन नको, अशी कलमे त्यांनीच १८९० साली सुचवली होती. मात्र जो सही करील त्याला ती बंधनकारक, परक्या सरकारचा कायदा नको, हे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या बाजूला आगरकर, रानडे, तेलंग होते, आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी धर्मशास्त्राचा आधार देऊन कायद्याला अनुकूल असे लिहिले. पुण्यात सभा उधळल्या गेल्या. कलकत्त्याच्या मैदानावर कायद्याविरुद्ध प्रचंड सभा भरली. इकडच्या सभेला किती माणसे, तिकडच्या अर्जावर किती सह्या, असे लोकमत मोजणे चालू होते. अखेर १९ मार्च १८९१ रोजी कायदा झाला आणि दहाचे बारा झाले.

दोन वर्षे! एवढ्या आकांताने मिळाली ती दोन वर्षे. आणि कायदा होऊनही खटले फारसे झाले नाहीत, कारण तक्रार करणार कोण? तरीही त्या दोन वर्षांत कितीतरी मुली वाचल्या असतील असे माझे मन म्हणते.

माझी मुलगी कॉलेजात शिकते. हे लिहिताना मी तिला विचारले की त्या वेळी खरोखरच घरोघरच्या बायकांना विचारले असते तर त्या काय म्हणाल्या असत्या? तिने मला आत्ताच्या एका सरकारी पाहणीतले वाचून दाखवले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी १९९२-९३ पासून अधूनमधून होते. तिच्यात बायकांना घरातल्या इतर माणसांच्या गैरहजेरीत प्रश्न विचारण्याची काळजी घेतात. २०१९ ते २०२१ च्या पाहणीत, स्वयंपाक नीट केला नाही, न सांगता बाहेर गेली, सासूसासऱ्यांचा मान राखला नाही, अशा सात कारणांपैकी एखाद्या तरी कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणे योग्य आहे, असे शंभरातल्या सुमारे ४५ बायकांनी सांगितले. पुरुषांत हे प्रमाण ४४. मी चकित झाले. मग वाटले, १८८४ सालच्या सासवांना आणि सोवळ्या आजीबाईंना विचारले असते तर बऱ्याच जणी रूढीच्याच बाजूने बोलल्या असत्या. जे आपण सोसले ते सुनेने सोसले नाही तर आपले सोसणे फुकट गेले, असे वाटणारच.

मग विचारण्याचा उपयोग काय, असे मुलगी म्हणाली. मी तिला म्हटले, ४५ जणी कळल्या म्हणून तर त्यांच्याशी बोलता येईल. आणि उरलेल्या ५५ जणींचे काय? त्या एकमेकींना ठाऊकसुद्धा नसतात. प्रत्येकीला वाटते की असे आपल्या एकटीलाच वाटते.

मलबारींच्या कामाचा धागा पुढे आपल्याच एका माणसाने उचलला. १९२८ साली सरकारने संमतिवयाच्या प्रश्नावर पुन्हा एक समिती नेमली. अध्यक्ष होते सर मोरोपंत जोशी. या समितीत रामेश्वरी नेहरू सभासद होत्या. समितीने प्रश्नावल्या काढल्या, प्रांतोप्रांती फिरून साक्षी घेतल्या, आणि साक्ष द्यायला या वेळी बायकाही आल्या. ज्यांच्याबद्दल कायदा त्यांचा आवाज सरकारी अहवालात आला, तोही मलबारींच्या टिपणांनंतर चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांनी. १९२९ साली शारदा कायदा झाला, मुलीचे वय चौदा ठरले. आता १९७८ पासून ते अठरा आहे, हे आपल्याला माहीत आहेच.

मलबारींनी हे काही पाहिले नाही. कायद्यानंतर ते थोडे मागे सरले. १९०१ साली त्यांनी ‘ईस्ट अँड वेस्ट’ नावाचे मासिक काढले. गिदुमलांनी त्यांचे चरित्र लिहिले होते, त्याला फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी प्रस्तावना लिहिली. सिमल्याच्या वाटेवर धरमपूर इथे क्षयरोग्यांसाठी त्यांनी आरोग्यधाम उभारले, त्याला पतियाळाच्या महाराजांनी जागा दिली. आणि १९०८ चे सेवासदन. उतारवयातल्या या दोन्ही कामांत मते मागवणे नव्हते. शिवण, शुश्रूषा, शिक्षण, आजाऱ्याला औषध असे हातांनी करायचे काम होते. पत्रे लिहून दमलेल्या माणसाने शेवटी हे करावे, यात मला नवल वाटत नाही. पुण्याच्या सेवासदनास रमाबाईंबरोबर गोपाळ कृष्ण देवधर उभे राहिले. तिथे शिकून किती मुली आणि विधवा शिक्षिका, नर्स होऊन आपल्या पायांवर उभ्या राहिल्या ते आपल्यातल्या वडीलधाऱ्या सांगतील. आपल्या पंचक्रोशीतही तिथे शिकून आलेल्या मास्तरीणबाई होऊन गेल्या आहेत.

१९१२ च्या जुलै महिन्यात सिमल्यास मलबारी वारले. वय अवघे एकोणसाठ. मुंबईचे सेवासदन अजून गावदेवीस चालू आहे. कोणाला जाऊन पाहायचे असेल तर ते ज्या रस्त्यावर आहे त्याचे नाव पंडिता रमाबाई मार्ग.